हर्णैसमोर काळाचा फाटा

मुरुडला याल तेव्हा ओहोटीची वेळ साधून पुळणीवर उतरा. हे मुरुड दापोलीचं, रत्नागिरी जिल्ह्यातलं, महर्षी कर्व्यांचं. जंजिऱ्याजवळचं मुरुड वेगळं. ते रायगड जिल्ह्यात, इथून साठेक किलोमीटर उत्तरेला. पुष्कळ प्रवासी या दोन गावांची गल्लत करतात. आज तुम्ही ज्या प्रवासाला निघाला आहात त्यात ती गल्लत परवडणार नाही. तिथे सिद्दीचं राज्य, इथे आंग्र्यांचं, आणि मधल्या पाण्यात पिढ्यांचं वैर.

यंत्र लहान आहे, एका माणसापुरतं. काटा शके १६७७, चैत्र वद्य पक्षावर आणा, म्हणजे इसवी सन १७५५, एप्रिलचा पहिला आठवडा. कमरेला पंचा गुंडाळा, डोक्याला मुंडासं बांधा, चष्मा आणि घड्याळ मागे ठेवा. नियम एकच: बघायचं, ऐकायचं, विचारायचं, पण कशाला हात लावायचा नाही.

डोळे उघडाल तेव्हा सुरूचं बन नाहीसं झालेलं असेल. हे झाड आपल्या किनाऱ्यावर इंग्रजी अमलात आलं. १७५५ च्या पुळणीवर उंडीची झाडं आहेत, केवड्याची बेटं आहेत आणि त्यांच्यामागे लगेच माडांची आगरं. रहाट कुरकुरतो आहे, पोफळींच्या मुळाशी पाणी चाललं आहे. गडगे जांभ्याचे, पाखाडीही जांभ्याची. पायाला ओळखीची वाटेल. मोटारींचा आवाज गेल्यामुळे समुद्राची गाज घरांच्या पडवीपर्यंत ऐकू येते.

गडग्याला टेकून एक म्हातारा भंडारी कोयतीला धार लावतो आहे. त्याच्याजवळ बसा. बाबा म्हणून हाक मारा.

"घाटावरनं आलास?" तो विचारतो.

हो म्हणा. त्याने तुमचं अज्ञान झाकलं जाईल. घाटावरच्या माणसाला दर्यातलं काही कळत नाही, अशी किनाऱ्यावर सगळ्यांचीच समजूत आहे, आणि ती फारशी चुकीची नाही, हे तुम्हाला संध्याकाळपर्यंत दिसेलच.

तरुणपणी हा माणूस कान्होजी आंग्र्यांच्या गलबतावर खलाशी होता. कान्होजी १७२९ मध्ये वारले. म्हाताऱ्याच्या हिशेबी तेव्हापासून दर्या पोरका आहे. तुम्ही विचारता, सरखेलांची माणसं जाणारी-येणारी जहाजं अडवायची म्हणतात, ते खरं का?

"अडवायचो तर! दस्तक आहे का विचारायचो. असलं तर जा बाबा, राम राम. नसलं तर माल सरकारात."

"पण समुद्रावर कसली आली हद्द?"

म्हातारा गडग्यावर हात थोपटतो. "आगराला हा असतो. दर्याला गलबतं असतात."

हे वाक्य नीट लक्षात ठेवा. एका साम्राज्याची सबंध विचारसरणी त्यात आहे. समुद्र हा जमिनीचाच पुढचा तुकडा. किनारा ज्याचा, त्याला लागून असलेलं पाणीही त्याचं. त्याने तिथे राखण करावी आणि राखणीचा कर घ्यावा. छत्रपती शिवाजी महाराजांनी आरमार बांधलं ते याच समजुतीवर. रामचंद्रपंत अमात्यांनी १७१५ च्या सुमारास आज्ञापत्र लिहिलं, त्यात आरमाराला राज्याचं वेगळं अंग मानलं आहे. त्याच ग्रंथात जहाजांसाठी लागणाऱ्या लाकडाचाही विचार आहे. आंबा-फणसाची झाडं रयतेने लेकरांसारखी वाढवलेली असतात, तेव्हा धन्याची राजीखुशी असल्याशिवाय आणि मोल दिल्याशिवाय त्यांना हात लावू नये, अशी त्यातली ताकीद. मला हे आज्ञापत्रातलं सर्वांत मोठं कलम वाटतं. आरमार हवं, पण ज्या किनाऱ्याच्या रक्षणासाठी ते हवं त्याच किनाऱ्याच्या बागा उजाड करून नको. सगळीकडे आणि सदासर्वदा असंच वागले असतील असं मी म्हणत नाही. पण राज्य आपल्याला काय समजत होतं ते त्यावरून कळतं.

या पाण्यात तेव्हा आणखी तीन-चार समजुती तरंगत होत्या. सर्वांत जुनी पोर्तुगीजांची. वास्को द गामा परत गेल्यावर राजा मॅन्युएलने आपल्या बिरुदावलीत इथिओपिया, अरबस्तान, इराण आणि हिंदुस्थान यांच्यावरील विजयाचा, नौकानयनाचा आणि व्यापाराचा स्वामी, असं जोडून घेतलं. जो समुद्र त्याने कधी पाहिला नव्हता त्याचा तो मालक झाला, देवाच्या आणि पोपच्या साक्षीने. मग अरबी समुद्रातल्या प्रत्येक जहाजाने पोर्तुगीजांचा परवाना, म्हणजे कार्ताझ, बाळगायचा. न बाळगणारं जहाज लुटायचं किंवा बुडवायचं. वसई १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी घेतली आणि उत्तर कोकणातला हा अंमल मोडला. म्हाताऱ्याच्या आगराच्या कडेला काजू उभा आहे, तो मात्र पोर्तुगीजांच्याच जहाजातून आलेला.

मोगलांची समजूत निराळी. पातशहा जमिनीचा, समुद्र म्हणजे सुरतेहून मक्केला जाणाऱ्या हाजींची आणि मालाची वाट. वाटेवर पहारेकरी ठेवावा, त्याला पगार द्यावा, आपण स्वतः पाण्यात उतरू नये. तो पहारेकरी जंजिऱ्याचा सिद्दी, आणि पगार सुरतेच्या महसुलातून.

डच तिकडे सांगत होते की समुद्र कोणाचाच नाही, सर्वांचा आहे. ह्यूगो ग्रोशियस या त्यांच्या पंडिताने १६०९ मध्ये तसा ग्रंथच लिहिला. मसाल्याच्या बेटांवर पोचल्यावर त्याच डचांनी दुसऱ्या कोणाला लवंग-जायफळ विकत घेऊ दिलं नाही. इंग्रजांची ईस्ट इंडिया कंपनी याच वाटेने गेली. व्यापाराला समुद्र मोकळा हवा, हे तिचं तत्त्व. तरी मुंबईहून देशी जहाजांना ती स्वतःचे परवाने देत होती. कान्होजींचं दस्तक तिच्या लेखी दरोडा आणि कान्होजी चाचा. फरक कागदात नव्हता, कागदावर शिक्का कोणाचा एवढाच होता. कान्होजींना हे स्वच्छ दिसत होतं. मुंबईचा गव्हर्नर विल्यम फिप्स याला त्यांनी १७२४ मध्ये जे उत्तर पाठवलं त्याचा रोखच असा, की व्यापारी म्हणवणाऱ्यांनाही राज्याचा लोभ सुटलेला नाही.

आता उठा. पुळणीने उत्तरेला चालत निघा. सालदुरे, पाळंदे ओलांडून हर्णैच्या अलीकडच्या टेकाडावर चढा. वाटेत कोळणी मुलांना पोटाशी धरून आगरांकडे पळताना दिसतील. त्यांना काही विचारू नका.

समोर सुवर्णदुर्ग. खडकावर खडक तासून उभा केलेला, चहूबाजूंनी पाणी. किनाऱ्यावर त्याचे पाठीराखे कनकदुर्ग, फत्तेगड आणि गोवा किल्ला. याच सुवर्णदुर्गावर कान्होजींचं नशीब उघडलं होतं. आता किल्ला तुळाजी आंग्र्यांचा आहे. पश्चिमेला, समुद्राच्या बाजूला एक मोठं जहाज उभं आहे. त्याचं नाव प्रोटेक्टर, तोफा ४४, कप्तान कमोडोर विल्यम जेम्स. २ एप्रिलपासून त्याने भडिमार चालू केला आहे. धूर आधी दिसतो. मनातल्या मनात काही आकडे मोजावे, मग आवाज छातीवर येऊन आदळतो.

नीट पाहिलंत तर मागे आणखी शिडं दिसतील. गुराबा, गलबतं. ही कोणाची? त्यांच्यावर भगवं निशाण आहे.

इथे तुमच्या पोटात खड्डा पडेल. माझ्याही पडतो, जितक्या वेळा हे वाचतो तितक्या वेळा. ते पेशव्यांचं आरमार आहे. मुंबईला मार्च महिन्यात करार झाला, पेशव्यांच्या बाजूने रामाजी महादेव होते. आरमाराची सूत्रं इंग्रजांच्या हाती राहतील, बाणकोट इंग्रजांना मिळेल, आणि दोघे मिळून तुळाजीला बुडवतील.

जेम्स इथे पोचला तेव्हा तुळाजीची जहाजं दक्षिणेला निसटली. त्या पाठलागाचं वर्णन कंपनीचा इतिहासकार रॉबर्ट ऑर्म याने करून ठेवलं आहे. वारा पडलेला होता. पळणाऱ्या खलाशांनी ओझं कमी करायला सामान पाण्यात टाकलं, आणि वाऱ्याची झुळूक न झुळूक पकडता यावी म्हणून अंगावरचे कपडे, गोधड्या, डोक्याची मुंडाशी सोडून काठ्यांना बांधली. डोळ्यांपुढे आणा. कोळी, भंडारी, खारवी, दालदी, कोकणच्या सगळ्या दर्यावर्दी जातींची माणसं स्वतःच्या मुंडाशांची शिडं करून पळताहेत, आणि पाठलाग करणाऱ्यांच्या बाजूला आहे त्यांच्याच छत्रपतींच्या पेशव्याचं आरमार.

पश्चिमेच्या तटावर शेकडो गोळे पडले तरी तो ढळला नाही. मग जेम्सने जहाज वळवून किल्ला आणि किनारा यांच्यामधल्या पाण्यात आणलं, तटाच्या अगदी जवळ. तिथून डागलेल्या गोळ्याने आतल्या गवती छपराला आग लागली. बंदुकांच्या माऱ्याखाली ती कोणाला विझवता येईना. पसरत पसरत आग दारूकोठारापर्यंत गेली. तुम्ही टेकाडावर उभे असताना तो स्फोट होईल. कान झाकून घ्या. थोड्या वेळाने किल्ल्यातून होड्या भरभरून माणसं किनाऱ्याकडे यायला निघतील, त्यांत बायका आणि मुलंही.

किल्ल्यावर कंपनीचं निशाण चढलं. पुढे कराराप्रमाणे सुवर्णदुर्ग पेशव्यांना मिळाला आणि बाणकोट इंग्रजांकडे राहिला. त्यांनी त्याचं नाव फोर्ट व्हिक्टोरिया केलं. पुढच्या वर्षी, फेब्रुवारी १७५६ मध्ये, अॅडमिरल वॉटसन आणि रॉबर्ट क्लाइव्ह विजयदुर्गावर चालून आले. तिथे आंग्र्यांचं सगळं आरमार एकाच आगीत जळालं. तुळाजी पेशव्यांच्या कैदेत पडला आणि कैदेतच मेला. तोच वॉटसन आणि तोच क्लाइव्ह तिथून निघाले ते त्याच वर्षी बंगालला पोचले. प्लासी २३ जून १७५७ ची.

नानासाहेब पेशव्यांची बाजूही ऐकली पाहिजे. तुळाजी त्यांना जुमानत नव्हता. सरखेल छत्रपतींचा चाकर, पेशव्याचा नव्हे, असं त्याचं म्हणणं. खंडणी देत नव्हता, आणि त्याच्या गलबतांनी किनाऱ्यावरच्या व्यापाऱ्यांना सुखाने नांदू दिलं असंही नाही. म्हाताऱ्या भंडाऱ्यालाच विचारा, तो तुळाजीबद्दल फार गोड बोलणार नाही. बंडखोर सरदाराला वठणीवर आणणं हे कोणत्याही सत्तेचं काम होतं. माझा आक्षेप त्यावर नाही.

माझा आक्षेप असा की पेशव्यांच्या दरबारात समुद्राबद्दल काही मतच उरलेलं नव्हतं. पोर्तुगीजांचं मत उद्दाम होतं, मोगलांचं आळशी, इंग्रजांचं दुतोंडी, आंग्र्यांचं करडं; पण प्रत्येकाचं काहीतरी होतं. पुण्याला दिसत होता तो सरदार, त्याची थकलेली खंडणी आणि त्याचे किल्ले. जहाजं, त्यांवरची माणसं, ती बांधणारे सुतार, वारा आणि प्रवाह ओळखणारे तांडेल, यांची किंमत जमाखर्चात कुठे मांडायची ते तिथल्या कारभाऱ्यांना उमजलं नाही. किल्ले परत मिळाले म्हणजे राज्य भरून पावलं, असा हिशेब झाला. किल्ला पाण्यातला आहे आणि पाणी दुसऱ्याला देऊन टाकलं आहे, हे त्या हिशेबात आलं नाही. घाटावरच्यांबद्दल किनाऱ्यावर जी समजूत होती ती हीच.

दुसरा मार्ग होता, आणि तो पूर्वी वापरून झाला होता. १७१३ मध्ये शाहू महाराजांनी कान्होजींवर फौज पाठवली. कान्होजींनी ती हरवून पेशवे बहिरोपंत पिंगळे यांनाच कैद केलं. तेव्हा बाळाजी विश्वनाथ बोलणी करायला गेले. कान्होजी शाहूंच्या बाजूला आले, त्यांना सरखेली आणि किल्ले कायम करून मिळाले, आणि आरमार राज्याचं राहिलं. ते बाळाजी विश्वनाथ म्हणजे नानासाहेबांचे आजोबा.

आता यंत्रात परत बसा, पण घरी जाण्याआधी काटा डिसेंबर १८०२ वर थांबवा. जागा तीच, हर्णैचा किनारा. सत्तेचाळीस वर्षं गेली आहेत. ऑक्टोबरात हडपसरला यशवंतराव होळकरांनी पेशव्यांच्या फौजेचा पराभव केला आणि दुसरे बाजीराव पुण्याहून पळाले. रायगड, महाड करत ते सुवर्णदुर्गाच्या आसऱ्याला आले आहेत. इथून ते इंग्रजांच्या जहाजातून वसईला जातील आणि ३१ डिसेंबरला तहावर सही करतील. त्या सहीने मराठी राज्याची स्वतंत्र हालचाल संपली. विजयदुर्गाला आनंदराव धुळपांच्या हाताखाली पेशव्यांचं आरमार पुढेही राहिलं, १७८३ मध्ये ते इंग्रजांच्या रेंजर जहाजाशी झुंजलंही. पण पेशव्याला स्वतःचा जीव वाचवायची वेळ आली तेव्हा त्याने जहाज शोधलं ते इंग्रजांचं. १७५५ चं फळ पदरात पडायला एवढी वर्षं लागली. इथे फार वेळ थांबू नका. बघवत नाही.

यंत्राला आणखी एक लहान काटा आहे, न झालेल्या काळाचा. मराठी वाचकाला तो नवा नाही. डॉ. जयंत नारळीकरांनी 'गंगाधरपंतांचे पानिपत' या कथेत तो फार पूर्वीच फिरवून दाखवला. पानिपतावर विश्वासरावांना लागलेली गोळी चाटून गेली असती तर काय झालं असतं, हे त्यांच्या गंगाधरपंतांनी त्या दुसऱ्या जगात जाऊन पाहिलं. विज्ञानकथेतून साम्राज्यांची तुलना कशी करावी याचा तो वस्तुपाठ आहे. नारळीकर सर २० मे २०२५ रोजी गेले. आज असते तर हा लेख त्यांना पाठवून एक शंका विचारली असती. सर, फाटा पानिपतावरच फुटतो कशावरून? त्याच्या सहा वर्षं आधी, हर्णैसमोर फुटत नाही का?

काटा फिरवा आणि पाहा. हेच टेकाड, हाच चैत्र. नानासाहेबांचा माणूस मुंबईला जाण्याऐवजी विजयदुर्गाला गेला आहे, आजोबांनी १७१३ मध्ये जे केलं ते करायला. तुळाजी ताठ आहे, पण बोलतो आहे. सुवर्णदुर्गाखाली जहाजं नांगरलेली आहेत, कोकणच्या माणसांनी भरलेली. या जगात पुढे सगळं सुरळीत होईल अशी हमी मी देणार नाही. सरंजामी राज्यातले हेवेदावे तिथेही असतीलच, दस्तक मागणारे हात तिथेही जड असतील, आणि भंडाऱ्याच्या झाडामागचा कर तिथेही कोणी माफ करणार नाही. पण दोन गोष्टी त्या जगात आहेत. एक, मुंबईच्या दक्षिणेला असं एक आरमार शिल्लक आहे की ज्याला विचारल्याशिवाय कंपनीचं जहाज कोकणच्या पाण्यातून जात नाही. आणि दुसरी, समुद्र कोणाचा या प्रश्नाला मराठी राज्याकडे एक उत्तर आहे, बरं-वाईट जसं असेल तसं, स्वतःचं.

परत या. सुरूचं बन जागेवर आहे. संध्याकाळी हर्णै बंदरावर जा. मासळीचा लिलाव चालू असेल. बोली लावणाऱ्या बायकांना, होड्या ओढणाऱ्या माणसांना निरखून पाहा. ज्यांची मुंडाशी त्या दिवशी शिडं झाली होती त्यांच्याच या जाती, त्यांच्याच या वाड्या. समोर किल्ला दिसेल. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने मराठ्यांच्या बारा किल्ल्यांना जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली, त्यात सुवर्णदुर्ग आहे. होडी मिळाली तर किल्ल्यात जाऊन या, आणि बरोबर मुलं असतील तर त्यांना तटाची ती बाजू दाखवा जी किनाऱ्याकडे तोंड करून आहे. मार तिथून बसला.

विल्यम जेम्सला कंपनीने मान दिला, पैसा दिला, पुढे आपला अध्यक्ष केलं. १७८३ मध्ये तो वारला. त्याच्या बायकोने पुढच्या वर्षी त्याच्या स्मरणार्थ लंडनच्या आग्नेयेला शूटर्स हिल या टेकडीवर तीन कोनांचा एक मनोरा बांधला. तो आजही उभा आहे, वर चढून लंडन शहर बघता येतं. त्याचं नाव सेव्हर्नड्रूग. म्हणजे सुवर्णदुर्ग.